वाळू थांबली, गवत माजले : किनाऱ्यावरच्या टेकड्या आणि चराईचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांचे आहे. जागेचे नाव दिलेले नाही. क्षेत्रफळ आणि जनावरांचे आकडे गोल केले आहेत.

एकूण क्षेत्र साधारण 400 हेक्टर. समुद्राकडून आत चालत गेले की आधी भरतीरेषेजवळचे नवे, फुटकळ ढिगारे लागतात. मग मॅरम गवताच्या उंच, हलत्या टेकड्या आणि त्यामागे जुन्या, स्थिरावलेल्या टेकड्या. या जुन्या टेकड्यांवर बुटके गवत, रानटी थाइम, शेवाळ आणि करड्या रंगाची दगडफुले असतात. दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागांमध्ये हिवाळ्यात भूजल वर येऊन उथळ पाणी साचते आणि उन्हाळ्यात ते आटते. वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असल्याने ती चुनखडीयुक्त आहे, आणि अशा वाळूवर वनस्पतींची विविधता सर्वांत जास्त असते. पिरॅमिडल ऑर्किड, नॅटरजॅक भेक, वाळूत बिळे करणाऱ्या एकांड्या मधमाश्या, वाळूसरडा हे सगळे इथे होते आणि त्यांच्यामुळेच जागेला कायद्याचे संरक्षण मिळाले.

या सगळ्यांना दोन गोष्टी लागतात : उघडी वाळू आणि बुटके गवत. या दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी मिळतात आणि वेगवेगळ्या कारणांनी जातात. पुढची बरीच वर्षे त्यांना एकच समजून काम झाले.

1940 च्या दशकातल्या हवाई छायाचित्रांत ही जागा जवळजवळ पांढरी दिसते. 1990 च्या सुमारास ती हिरवी झाली होती. या बाबतीत ही जागा एकटी नाही. वेल्समधल्या न्यूबरो वॉरन या नावाजलेल्या टेकड्यांवर 1950 च्या आसपास सुमारे तीन चतुर्थांश भाग हलत्या वाळूचा होता. 1990 च्या सुरुवातीला तो दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला होता. वायव्य युरोपच्या बहुतेक किनाऱ्यांवर हेच घडले आहे.

हिरवेपणा कुठून आला

पहिले कारण ससे. मध्ययुगात नॉर्मन लोकांनी ब्रिटनमध्ये ससे आणले आणि किनाऱ्यावरच्या वाळूत ते मांसासाठी व कातड्यासाठी पाळले जाऊ लागले. पुढे कित्येक शतके गवत बुटके ठेवण्याचे काम सशांनीच केले. त्यांच्या बिळांमुळे जागोजागी वाळूही उघडी राही. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत देशातले 95 टक्क्यांहून अधिक ससे मेले. या टेकड्यांवरची गाईगुरांची चराईही त्याच सुमारास, शेतीची पद्धत बदलल्याने, जवळपास थांबली.

दुसरे कारण माणसाने हाताने केलेले स्थिरीकरण. उडती वाळू शेतात आणि रस्त्यावर येते म्हणून समुद्राकडच्या रांगेवर मॅरम लावले, काटक्यांची कुंपणे घातली आणि आतल्या बाजूला वारा अडवायला सी-बकथॉर्नची काटेरी झुडुपे लावली. सी-बकथॉर्न इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मूळचे आहे. पश्चिमेला ते आणून लावलेले. त्याच्या मुळांवर हवेतला नत्र बांधणारे जिवाणू असतात, मुळांपासून नवे फुटवे फुटतात आणि फळे खाणारे पक्षी बिया दूरवर टाकतात.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. वाहने, कारखाने आणि पशुपालन यांतून हवेत जाणारा नत्र पावसाबरोबर आणि कोरडाही जमिनीवर उतरतो. जुन्या, करड्या टेकड्यांसाठी हेक्टरी वर्षाला 8 ते 15 किलो नत्र ही सहनमर्यादा युरोपात बराच काळ धरली गेली. या मर्यादेच्या आसपासही खरबरीत गवते जोर धरतात आणि बुटक्या, हळू वाढणाऱ्या वनस्पती दबतात.

एकदा वाळू थांबली की पुढचे आपोआप होते. मॅरमला दरवर्षी नव्या वाळूचा थर अंगावर पडावा लागतो, तेव्हाच ते जोमाने वाढते. वाळू येणे थांबले की ते विरळ होते आणि त्याच्या जागी लाल फेस्क्यू, खोटा ओट अशी गवते दाट होतात. त्यांची वाळलेली पाती साचून गादी तयार होते, मातीत सेंद्रिय अंश वाढतो, वरच्या थरातला चुना पावसाने धुऊन जातो. सखल जागांत सरपटणारा विलो पसरतो, मागोमाग बर्च आणि मोठे विलो येतात. उघड्या ओल्या वाळूवरची पहिल्या पिढीची वनस्पती काही दशकांत संपते.

अडचण कशी समोर आली

1990 च्या सुमारास झालेल्या पाहणीत तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. जुन्या टेकड्यांवर गवताची सरासरी उंची घोट्याच्या वर गेली होती आणि वाळक्या गवताच्या गादीखाली थाइम व शेवाळ मरत होते. नॅटरजॅक भेकाच्या बहुतेक डबक्यांभोवती विलो आला होता. या भेकाला उथळ, उन्हाने तापणारे पाणी आणि आजूबाजूला पळता येईल अशी मोकळी जमीन लागते. सी-बकथॉर्नने सुमारे 30 हेक्टर व्यापले होते.

व्यवस्थापकांनी प्रश्न असा मांडला : «चराई परत कशी आणायची?» हा प्रश्न चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. हरवलेल्या गोष्टी तीन होत्या : सशांचे दात, वाहती वाळू आणि नत्राचे दुर्भिक्ष. गुरे आणून पहिलीची काही भरपाई होते. दुसरीची फार थोडी होते. तिसरीची होतच नाही.

शेवटचा मुद्दा अनेकांना पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. जनावर जे गवत खाते त्यातला बहुतांश नत्र शेण-मुतातून तिथेच परत पडतो. बाहेर जातो तो फक्त त्याच्या अंगावर चढलेल्या वजनातला. जिवंत वजनात नत्र साधारण अडीच टक्के. 100 हेक्टरवर 20 वाढती जनावरे ठेवली आणि प्रत्येकाचे वजन हंगामात 150 किलोने वाढले, तर एकूण वाढ 3,000 किलो, त्यात नत्र 75 किलो. म्हणजे हेक्टरी पाऊण किलो. वरून येणारा नत्र याच्या दहापट किंवा त्याहून जास्त. याउलट गवत कापून उचलून नेले, हेक्टरी दोन टन कोरडे गवत आणि त्यात दीड टक्का नत्र धरला, तर एका कापणीत 30 किलो बाहेर जातो. चराईने जमीन गरीब होते असे मानून कोणी आराखडा केला, तर दहा वर्षांनी त्याच्या पदरी निराशा येणार.

तोललेले पर्याय

काहीच न करणे हा पर्याय कागदावर होता, पण संरक्षित क्षेत्रात तो टिकणारा नव्हता.

गवत कापून उचलणे सर्वांत परिणामकारक, पण यंत्र जाईल अशी सपाट जागा जेमतेम 25 हेक्टर होती. शिवाय सगळीकडे एकाच उंचीला कापल्याने कीटकांचे आसरे एका दिवसात जातात. सपाट सखल जागांपुरते ते ठेवले : ऑगस्टच्या शेवटी, बिया पडल्यानंतर, आणि कापलेले सगळे उचलायचेच या अटीवर. कापून तिथेच टाकणे हे न कापण्यापेक्षा वाईट.

मेंढ्या सहज मिळणाऱ्या होत्या. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर एन्सडेलला हर्डविक मेंढ्या हिवाळ्यात चारण्याचा प्रयोग माहीत होता. पण मेंढी निवडून खाते. तिचे तोंड अरुंद असते, ती फुले आणि कोवळे अंकुर अचूक टिपते आणि जुने झुबके सोडून देते. उन्हाळ्यात ठेवली तर ऑर्किडचे तुरे जातात.

गाय जिभेने गवत वेढून ओढते, त्यामुळे उंच आणि खरबरीत गवतही खाल्ले जाते. तिचे वजन वाळकी गादी तुडवून फोडते आणि झुडुपांतून वाटा पाडते. तोटा असा की तिला पाणी जास्त लागते, आणि ब्रिटनमध्ये गुरे हलवताना क्षयाच्या चाचण्यांचे वेळापत्रक सांभाळावे लागते.

डोंगरी तट्टू हिवाळ्यात मॅरमसुद्धा खातात, दोन्ही जबड्यांना पुढचे दात असल्याने गवत जमिनीलगत कातरतात, आणि फुलांकडे फारसे वळत नाहीत. मात्र लीद ठरावीक जागी टाकतात. त्या जागांवर खत साचून गवत माजते आणि तिथे ते पुन्हा चरत नाहीत.

सशांना मदत करणे, म्हणजे त्यांच्या जुन्या बिळांभोवतीचे गवत कापून देणे, हाही पर्याय चर्चेत आला. तो स्वस्त होता. तो तेव्हा गांभीर्याने घेतला गेला नाही, आणि ते पुढे जाणवले.

पहिला निर्णय : हिवाळी मेंढ्या

1990 च्या दशकात सुमारे 80 हेक्टरला कुंपण घालून ऑक्टोबर ते मार्च मेंढ्या सोडल्या. निवडीमागे व्यवहार होता : शेजारच्या शेतकऱ्याकडे कळप होता आणि कुंपण हलके चालणार होते.

काही हंगामांत चित्र असे झाले. जे गवत आधीच बुटके होते ते आणखी बुटके झाले. ज्या उंच झुबक्यांसाठी हे सगळे केले ते तसेच राहिले. मेंढ्या रात्री उंचवट्यावर बसत आणि तिथे लेंड्या साचून खाजऱ्या नेटलसारखी नत्रप्रेमी तणे उगवू लागली. शिंपल्यांच्या चुनखडी वाळूवर कोबाल्टची कमतरता नेहमीची असते. तिने मेंढ्या खंगल्या आणि वेळेवर कोबाल्ट द्यावे लागले. मोकाट कुत्र्यांचे हल्ले झाले. शेतकऱ्याने कळप काढून घेतला.

यातला धडा मेंढ्या वाईट असा नाही. आधीच बुटके असलेले गवत तसेच टिकवायला हिवाळी मेंढ्या उत्तम. माजलेले गवत परत खाली आणायला त्या दुबळ्या. कामाचा टप्पा ओळखण्याआधी जनावर निवडले गेले.

दुसरा निर्णय : गाई आणि तट्टू, किती आणि केव्हा

2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात आराखडा बदलला. चराईखाली 200 हेक्टर घ्यायचे ठरले. त्यातली निम्मी जमीन सामायिक हक्काची होती. अशा जमिनीवर कायमचे कुंपण घालायला सरकारी संमती लागते (इंग्लंड-वेल्समध्ये आता ती 2006 च्या कॉमन्स कायद्याच्या कलम 38 खाली मिळते), आणि ती मिळवताना फिरायला येणाऱ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवण्याची हमी द्यावी लागते. अर्ज करण्याआधी गावकऱ्यांना टेकडीवर नेऊन गादीखालचे मेलेले शेवाळ दाखवले गेले. विरोध पूर्ण गेला नाही, पण फाटकांच्या जागा त्या चालण्यांतून ठरल्या.

संख्येचा हिशेब असा केला. एक मोठी गाय म्हणजे एक पशुधन एकक, तट्टू पाऊण, मेंढी दशांश ते सातवा हिस्सा. अशा टेकड्यांवर वर्षभराच्या चराईला हेक्टरी साधारण 0.1 ते 0.3 एकक चालते. 0.15 धरले तर 200 हेक्टरला वर्षभर 30 एकक. तीच चराई सहा महिन्यांत उरकायची तर 60. इथे 15 तट्टू वर्षभर, म्हणजे सुमारे 11 एकक, आणि ऑक्टोबर ते मार्च 35 भाकड गाई व मोठ्या कालवडी असे ठरले. गाईंचे 35 एकक निम्म्या वर्षासाठी, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने साडेसतरा. एकूण सुमारे 29.

गणित बरोबर होते, तरी पहिल्या हिवाळ्यातच ते जमिनीवर जुळले नाही. जनावरे 200 हेक्टरवर सारखी पसरत नाहीत. सखल जागा आणि वाऱ्याआडचे उतार त्यांनी खरवडले. समुद्राकडच्या रांगांवर ती फिरकलीही नाहीत. प्रत्यक्ष चराई जेमतेम 90 हेक्टरवर होत होती, म्हणजे तिथला दाब ठरवल्याच्या दुपटीहून जास्त. उपाय पाण्यात सापडला. हौद सखल जागेजवळ ठेवला होता. तो अनचरलेल्या बाजूला, कठीण जमिनीवर हलवला. चाटण विटाही तिकडेच ठेवल्या. पाणी आणि मीठ जिथे, तिथे जनावर जाते. दोन महिन्यांत माजलेल्या गवतातून वाटा पडल्या.

एक नियम सुरुवातीपासून पाळला आणि तो योग्य ठरला : गवत कमी पडले तर पेंड्या आणून टाकायच्या नाहीत, जनावरे कमी करायची. बाहेरून आणलेल्या वैरणीबरोबर नत्रही येतो आणि परके बीही. दर पंधरवड्याला प्रत्येक जनावराच्या बरगड्या, पाठीचा कणा आणि माकडहाड हाताने चाचपून एक ते पाच असे गुण दिले जात. कोणाचेही दोनच्या खाली गेले की ते जनावर त्याच आठवड्यात बाहेर.

कुंपण, औषध आणि इतर खोळंबे

वाळूत कुंपण टिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. एका वादळात खांबाच्या एका बाजूची वाळू जाते आणि खांब हलू लागतो. दुसऱ्या जागी तार अर्धी गाडली जाते आणि गाय सहज ओलांडते. म्हणून कायमचे कुंपण फक्त आतल्या, स्थिर बाजूला ठेवले, खांब नेहमीपेक्षा लांब घेतले आणि समुद्राकडे विजेची हलती तार लावली.

ती तार पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात निकामी ठरली. मशीन चालू होते, तारेत दाब होता, तरी तट्टू बिनधास्त पलीकडे जात होते. कारण कोरड्या वाळूतून वीज परत जात नाही. जनावराने तार शिवली तरी त्याच्या पायांखालून अर्थिंगच्या सळईपर्यंतचा रस्ता तुटलेला असतो. सळई ओल्या थरापर्यंत, सखल जागेत, खोल ठोकून फरक पडला. पण खरा इलाज म्हणजे दुसरी तार लावून तिलाच परतीचा रस्ता करणे. दोन्ही तारा एकदम शिवल्या की झटका बसतो, जमिनीचा संबंध उरत नाही.

जंतांच्या औषधाचा प्रश्न याहून नाजूक. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात ते पुढे कित्येक दिवस-आठवडे उतरते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. शेणकिडे गेले तर शेण जमिनीत जात नाही आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी व वटवाघळेही उपाशी राहतात. म्हणून ठरावीक तारखेला सगळ्यांना औषध ही पद्धत बंद केली. शेणातली अंडी मोजायची, लागेल त्याच जनावराला औषध द्यायचे आणि ते जनावर काही आठवडे टेकड्यांवरून बाजूला ठेवायचे. हे करारात लिहिले नव्हते, त्यामुळे पहिल्याच वर्षी गुरांच्या मालकाशी वाद झाला. तपासणीचा खर्च कोणाचा हे नंतर लिहून घ्यावे लागले.

रॅगवर्ट हे पिवळ्या फुलांचे विषारी झाड चराईच्या जमिनीवर वाढतेच. हिरवे असताना गाई-घोडे ते टाळतात. कापून सुकले की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते आणि यकृत निकामी करते. म्हणून ते उपटले तर तिथे एकही काडी सोडायची नाही. अनेक ठिकाणी ते राहूही दिले, कारण सिनाबार पतंगाच्या अळ्या मुख्यतः त्यावर जगतात. कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा परजीवामुळे गाई गाभडतात, म्हणून गाभण गाई इथे आणायच्याच नाहीत असे ठरले.

तिसरा निर्णय : झुडुपे आधी की जनावरे आधी

जनावरे सी-बकथॉर्न खाऊन आटोक्यात आणतील अशी आशा होती. तट्टूंनी कोवळे शेंडे खाल्ले, गाईंनी कडा तुडवल्या, पण काटेरी गाभ्यात कोणी शिरले नाही. चराईच्या चार वर्षांत पट्टा वाढतच राहिला. मग आधी जमिनीलगत कापून बुंध्यावर तणनाशक लावले. मुळांतून फुटवे आले आणि ते दाट झाले. शेवटी खोदयंत्राने मुळांसकट उपटून काढले. मोकळ्या झालेल्या जागी ऑर्किड आले नाहीत. आली ती नेटल आणि विलोहर्ब ही तणे, कारण नत्र मातीतच होता. तिथला काळा थर खरवडून नेल्यावरच खालची फिकट वाळू दिसली. नंतर कोवळ्या फुटव्यांवर मात्र तट्टूंनी चांगला पहारा ठेवला. क्रम असा असायला हवा होता : आधी उपटणे, मग थर काढणे, मग जनावरे.

ससे गेले आणि आकडे फिरले

निरीक्षणासाठी दोन बाय दोन मीटरच्या कायम चौकटी आखल्या होत्या. गवताची उंची, उघड्या वाळूचा वाटा आणि प्रत्येक प्रजातीचे आच्छादन दर दोन वर्षांनी, जूनमध्ये, नोंदले जाई. चराई सुरू झाल्यावर पाच-सहा वर्षे आकडे सुधारत गेले. गवत खाली आले, थाइम आणि शेवाळ पसरले. अहवालांत याचे श्रेय गुरांना दिले गेले.

मग, गुरे तेवढीच असताना, गवत पुन्हा वाढू लागले. घबराटीत जनावरे वाढवायचा प्रस्ताव आला. तो थांबला तो एका साध्या तरतुदीमुळे. काही चौकटींभोवती दोन प्रकारची कुंपणे होती. एकात फक्त तारा : गाई-तट्टू बाहेर, ससे आत जाऊ शकत. दुसऱ्यात 31 मिलिमीटर जाळी, 90 सेंटिमीटर वर आणि 15 सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला वळवून गाडलेली : कोणीच आत नाही. सुधारणेच्या वर्षांत तारांच्या चौकटीतही गवत बुटके राहिले होते, म्हणजे काम मोठ्या प्रमाणात ससेच करत होते. मोठ्या जनावरांनी गादी फोडून त्यांना वाट करून दिली होती, कारण उंच गवतात ससा शिरत नाही. आता तारांची चौकट आणि जाळीची चौकट सारख्याच दिसू लागल्या होत्या. ससे संपले होते.

सशांचा रक्तस्रावी रोग 1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये आला होता. 2010 मध्ये फ्रान्समध्ये सापडलेला त्याचा नवा प्रकार पुढच्या काही वर्षांत इथेही पोहोचला आणि पिल्लांनाही मारू लागला. गाई वाढवून ही जागा भरली असती तर सखल जागा तुडवल्या गेल्या असत्या. त्याऐवजी उरलेल्या बिळांभोवती गोल पट्टे कापून ठेवले आणि गाईंचा मुक्काम महिनाभर वाढवला. दोन प्रकारची चौकट नसती तर हे कळले नसते. अशा चौकटींचा खर्च अंदाजपत्रकातून पहिल्यांदा कापला जातो, आणि तो कापू नये हे या प्रकरणातून ठामपणे सांगता येते.

वाळूसरड्याचा पेच

एका जिवाला बरे ते दुसऱ्याला नाही, हे दक्षिणेकडच्या उतारांवर दिसले. वाळूसरड्याला अंडी घालायला उघडी वाळू लागते आणि लपायला मॅरमचे उंच झुबके. तट्टूंनी एका हिवाळ्यात हे झुबके कातरले आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या उतारावर सरडे फार कमी दिसले. तो उतार, साधारण 12 हेक्टर, हलत्या तारेने वेगळा केला. तिथे जनावरे फक्त जानेवारी-फेब्रुवारीत, एक वर्षाआड, सोडतात. एका कोरड्या वर्षी सखल जागांतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर सगळी तट्टू गोळा झाली आणि भेकांच्या डबक्याचा चिखल झाला. तेव्हापासून मे ते जुलै प्रजननाच्या डबक्यांना तात्पुरते कुंपण पडते आणि जनावरांसाठी वेगळे पाणी टाकीने पोहोचवले जाते.

वाळू पुन्हा हलवणे

चराईची दहा वर्षे झाल्यावर हिशेब स्वच्छ होता : जुन्या टेकड्यांवरचे गवत आटोक्यात, वनस्पतींची विविधता चराईबंद चौकटींपेक्षा ठळकपणे जास्त, पण उघडी वाळू जवळपास होती तेवढीच. खुरांनी वाटा उघड्या पडल्या, त्यापलीकडे काही नाही. ओल्या उघड्या वाळूवर येणारे छोटे पेटलवर्ट शेवाळ नव्या जागी आले नाही.

म्हणून चार सखल जागांमध्ये, मिळून दीड हेक्टर, वरचा काळा थर काढला. खोली जागेवर ठरवली : काळा-तपकिरी थर संपून फिकट वाळू लागेपर्यंत, साधारण 10 ते 15 सेंटिमीटर, आणि हिवाळ्यातले भूजल जेमतेम पृष्ठभागाला येईल इतकी. त्यासाठी आधी दोन वर्षे नळविहिरींत पाण्याची पातळी मोजली होती. कमी खणले तर जुनी मुळे परत फुटतात. जास्त खणले तर तळे होते. मोठा प्रश्न मातीचा. एका हेक्टरवरून 10 सेंटिमीटर म्हणजे 1,000 घनमीटर. ती टेकड्यांवर ढीग करून ठेवली तर तिथे तणांचे रान होते. इथे ती आतल्या बाजूच्या, आधीच खराब झालेल्या खड्ड्यात पुरली आणि वर वाळू टाकली. काम सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उरकले : सरड्यांची अंडी फुटलेली असतात आणि भेक अजून वाळूत गाडून घेऊन झोपलेले नसतात. तिसऱ्या वर्षी दोन जागांत पहिल्या पिढीची वनस्पती आली. एका जागेत कडा उभ्या ठेवल्या होत्या, तिथे विलोने लगेच मुळे आत घातली.

समुद्राकडच्या रांगेत वाऱ्यासाठी खाच पाडायचा प्रस्ताव अजून चर्चेत आहे. नेदरलँड्समध्ये झुइड-केनेमरलँड राष्ट्रीय उद्यानात 2012-13 च्या सुमारास अशा पाच मोठ्या खाचा पाडल्या आणि वाळू त्यातून आतपर्यंत वाहू लागली. इथे मागे वस्ती असल्याने एकच खाच, प्रमुख वाऱ्याच्या दिशेला धरून, सुचवली आहे.

वेगळे काय करता आले असते

जनावरे येण्याआधी निदान दोन हंगामांच्या नोंदी हव्या होत्या. इथे एकच होती, त्यामुळे कोरड्या वर्षाचा परिणाम आणि चराईचा परिणाम सुरुवातीला वेगळा करता आला नाही. सी-बकथॉर्न 30 हेक्टर असताना काढण्याऐवजी 50 च्या पुढे गेल्यावर काढला. गुरांच्या मालकाशी करार करताना औषध, क्षयचाचणीच्या वेळी गुरे कुठे ठेवायची आणि अचानक जनावरे काढायची वेळ आली तर ती कुठे जाणार, हे तिन्ही मुद्दे सुटले होते. शेवटच्याला उत्तर म्हणून आता दहा हेक्टरचे राखीव कुरण भाड्याने घेतले आहे, आणि कोरड्या वर्षी त्याचा वापर होतो.

खाच पाडली तर चराईचा आराखडा परत आखावा लागेल. पहिली काही वर्षे ताज्या वाळूवरच्या मॅरमवर तट्टूंना जाऊ द्यायचे नाही, म्हणून खाचेच्या मागच्या 15 हेक्टरची तार काढून आत सरकवण्याचे नकाशे तयार आहेत. तिथल्या सहा कायम चौकटी वाळूखाली जाऊ शकतात. त्यांच्या कोपऱ्यांवर धातूच्या लांब सळया ठोकून अचूक स्थान नोंदवण्याचे काम या हिवाळ्यात सुरू होते.